धवलारणीचा मान

हौसेराव स्वतः नारळ घेऊन दारात आला तेव्हा पुतळा ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती, आणि ती उठली नाही. दारात पाहुणा आला की बाई हात धुते, पदर सारखा करते, बसायला पाट देते. पुतळानं यातलं काहीच केलं नाही. हातातला बोंबील संपवला आणि दुसरा घेतला.

बोनकोड्यात हौसेरावला असं ताटकळत ठेवायची कुणाची छाती नव्हती. गावठाणात चार इमारती, रस्त्याला लागून लग्नाचं लॉन, मागच्या अंगाला शाळा, आणि पुढच्या खेपेला नगरसेवक व्हायची हौस. पोटापुढे नारळ धरून तो उन्हात उभा राहिला. पुतळाला ते बघून बरं वाटलं.

"वयनी, धनेशचं लगीन हाय," तो म्हणाला. "धवला तुमालाच बोलाचा हाय. मुलीकडची मानसं उरनची, जुन्या वलनाची. धवला नाय तं हलद नाय, असं तिची आजी बोलली."

आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी कुणी ओरडत नाही, पण धवलारीण लागतेच. मांडव घालण्यापासून प्रत्येक विधीला तिचं गाणं, म्हणजे धवला. मांडवात ती पाटावर बसली की नवऱ्याच्या बापानंही तिच्यापुढे आवाज चढवायचा नाही. पुतळाच्या सासूनं मरायच्या आधी सगळे धवले सुनेकडून घोटून घेतले होते. डीजेच्या जमान्यात बाकीच्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या आणि गावात धवला येणारी पुतळा एकटीच उरली. हौसेरावची सगळी पंचाईत तिथे होती.

पुतळानं वर पाहिलं. "माजी जाई शालंत कवा बसनार?"

"लगीन तं होऊन जावं दे. मंग बगू."

हे 'मंग बगू' ती वर्षभर ऐकत होती.

जाई तिची एकुलती एक, नऊ वर्षांची. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली. बोलते थोडं, ऐकते सगळं. खुशीत आली की दोन्ही हात झटकत गोल गोल फिरते, आवाज वाढला की कान झाकून ओरडते. डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं तेव्हा तिचा बाप गोटीराम दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. पुतळा रडली नाही. "नाव कललं ना? आता पुढं काय कराचा ते सांगा," असं तिनं डॉक्टरांना विचारलं.

पुढे तिनं केलंही. हौसेरावच्या शाळेत पोरीला घातलं, पहिल्या बाकावर खिडकीशी जागा मागून घेतली. जाईला ती जागा इतकी आवडली की रविवारीही ती दप्तर पाठीला लावून दारात उभी राहायची. मग वर्गातल्या पोरांच्या आयांनी कुरकुर सुरू केली. आमच्या मुलांचा अभ्यास होत नाही, आमची मुलं तिच्यासारखे हात झटकायला लागली. आणि मग आला शाळेचा वार्षिक कार्यक्रम. पुतळा नटूनथटून गेली, पहिल्या रांगेत बसली. जाईच्या वर्गाचा नाच झाला, टाळ्या झाल्या, पण त्यात जाई नव्हती.

पुतळा उठून मागच्या बाजूला गेली. तिथे खेळाचं सामान ठेवायची खोली होती. आतून धप धप आवाज येत होता आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. शिपायानं चावी आणेपर्यंत तिनं नखांनी दार ओरबाडलं. आत गाद्यांच्या चळतीआड जाई बसली होती. झगा ओला, मनगटावर स्वतःच्याच दातांचे वण, आणि ओरडून ओरडून आवाज पार गेलेला. त्या दिवसापासून जाई घरातल्या मोरीचंसुद्धा दार लावू देत नाही.

शाळेनं काय सांगावं? मूल आपणहून आत गेलं आणि दार वाऱ्यानं लागलं. वाऱ्याला कडी घालता येते आणि वर कुलूपही लावता येतं, हे बोनकोड्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वर आणखी, पोरीला आता घरीच ठेवा, शाळेला जबाबदारी घेता येणार नाही, असं तोंडी सांगून त्यांनी फाटक बंद केलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

आठवी शिकलेली पुतळा मग पदर खोचून कायद्याच्या मागे लागली. नेरूळच्या बागेत दर रविवारी अशा पोरांचे आईबाप जमायचे, तिथे जाऊन बसली. कुठलीही शाळा अशा पोराला काढू शकत नाही, कुठल्या साहेबाकडे तक्रार करायची, सगळं तिनं धवल्यासारखं पाठ केलं. साहेब पाणी द्यायचे, खुर्ची द्यायचे, आणि बघतो म्हणायचे. शेवटी त्यातल्या एकाच्या दट्ट्यानं शाळेत बैठक लागली. दहा आईबापांसमोर हौसेराव टेबलावर हात आपटून बोलला, "आमच्या घरान्यात असला पोर कदी निपजला नाय! तुमच्या वाट्याला आला, त्याला शाला काय करनार?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. गोटीरामनं खाली मान घातली. आणि कदाचित त्या खाली घातलेल्या मानेचीच दया आली असेल, हौसेराव जरा मऊ झाला. "पनवेलच्या पुढं एक जागा हाय," तो म्हणाला. "पोर तिथंच रव्हंल. जेवन-खान सगला टायमावं. दुपारची झोपाल्यावं बसवतात त्यांना, शांत रव्हतात."

बैठक संपली, पण तो झोपाळा पुतळाच्या डोक्यातून जाईना. ज्या माणसाला स्वतःच्या शाळेत वर्ग किती हे सांगता येत नाही, त्याला पनवेलच्या पुढची पोरं दुपारी कशावर बसतात हे कसं ठाऊक?

आणि मग तिला मिथुन आठवला. हौसेरावचा दुसरा मुलगा, धनेशच्या पाठचा. पुतळा नवी सून म्हणून गावात आली तेव्हा त्याच्या बारशाला ती सासूच्या मागे बसून गायली होती. पोर देखणं होतं, पण चालायला लागलं तरी बोलेना. एका दिवाळीनंतर ते दिसेनासं झालं. आजोळी शिकायला ठेवलाय, असं हौसेरावनं सांगितलं, आणि गावानं एकदा विचारून सोडून दिलं. मोठ्याच्या घरचं कोण दुसऱ्यांदा विचारतो? झाकली मूठ सव्वा लाखाची.

जाईसाठी जागा बघायची आहे, असं सांगून पुतळा एकटीच पनवेलच्या पुढे गेली. मागच्या अंगणात लोखंडी झोपाळा होता. त्यावर दाढी आलेला एक पोरगा मागेपुढे डुलत बसला होता. तेच रुंद कपाळ, त्याच लोंबत्या कानाच्या पाळ्या. हौसेरावचा छापच.

"हा मिथुन," तिथली बाई म्हणाली. "गरीब आहे अगदी. शनिवारी आई येते, तोंडाला स्कार्फ बांधून. भात कालवून भरवते आणि जाते."

"आन बाप?"

"बाप नाही त्याला. आईनंच सांगितलंय."

पुतळा घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही. गोटीरामलाही नाही. आजवर तिचा राग दुधासारखा उतू जायचा आणि चूल विझवून मोकळा व्हायचा. आता तो विरजणासारखा लागला. झाकून ठेवला, हलवला नाही, आणि तो घट्ट होत गेला.

म्हणून आज हौसेराव नारळ घेऊन उभा होता तेव्हा तिला घाई नव्हती. शेवटचा बोंबील टोपल्यात टाकून तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि नारळ घेतला.

"येन मी. पन धवला माज्या रीतीनं बोलीन. आन मान मी मागीन तो द्यावा लागंल."

"पैठनी देतो, वयनी. येवल्यावरनं मागवतो."

"मान हलद झाल्यावं मागतात, भाऊ. आदी नाय."

हौसेराव हसला. बायका मागून मागून किती मागणार, असा त्याचा हिशेब होता. गाडीत बसताना तो शीळसुद्धा घालत होता.

गोटीराम आतून सगळं ऐकत होता. "वैर घेव नको गो," तो म्हणाला. "गोड बोलून रव्हलो तं लगीन झाल्यावं पोरीला परत घेल तो. तू मांडवात काय वाकडा बोललीस तं शाला कायमची गेली. जाईला दुसरी शाला कोन घेनार?"

त्याचं खोटं नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्या शाळांची फाटकं त्यांची बघून झाली होती. आणि जाई अजून रोज सकाळी दप्तर पाठीला लावून दारात उभी राहत होती.

"गोड बोलून वरीस गेला," पुतळा म्हणाली. "आता माज्या रीतीनं बगू."

हळदीच्या दिवशी लॉन नुसतं पिवळं झालं होतं. झेंडू पिवळा, मंडप पिवळा, बायका पिवळ्या. हौसेराव तेवढा पांढऱ्याशुभ्र रेशमी झब्ब्यात, आमदाराच्या माणसांना मिठ्या मारत फिरत होता. मुलीची आजी यशोदाबाई नऊवारी नेसून पहिल्या खुर्चीत बसली होती आणि तिच्यासाठी डीजे बंद ठेवला होता. ऊन उतरायला लागलं तशी पुतळा पाटावर बसली. समोर परातीत हळद, शेजारी ताटलीत तांदूळ. धनेश चौरंगावर. गोटीराम जाईला घेऊन लांब, फाटकापाशी उभा राहिला, तिच्या कानांवर मोठे हेडफोन घालून.

हळदीच्या धवल्यात हाक असते. धवलारीण नवऱ्याच्या घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन त्याला हळदीला बोलावते. जिवंत असेल त्यानं "आलो" म्हणून पुढे यायचं आणि नवऱ्याला हळद लावायची. कुणी लांब असेल तर त्याच्या आईनं त्याच्यासाठी "आला" म्हणायचं. मेलेल्यांनाही हाक असते. त्यांचं नाव आलं की घरच्या कर्त्यानं ताटलीतले चार तांदूळ हळदीत सोडायचे. ओ आली नाही किंवा तांदूळ पडले नाहीत, तर धवलारीण पुढचं नाव घेत नाही, आणि धवला पुरा झाल्याशिवाय हळद पुरी होत नाही.

पुतळानं आवाज लावला. सासूकडून आलेला, जाड, सरळ आवाज. आजाचं नाव घेतलं, हौसेरावनं तांदूळ सोडले. आजी आली, काका आले, आत्या ओरडत आल्या. हौसेराव आला, त्याची बायको संध्या आली. बायका हसत होत्या, मोबाईल वर धरून शूटिंग चाललं होतं. मग पुतळा जरा थांबली, पाणी प्यायली, आणि तिनं नेमकं हौसेरावकडे बघितलं.

*नवऱ्याचा भाव गो पाठचा धाकला,*
*मिथुन त्याचा नाव गो.*
*हलदीला तो कां नाय आयला,*
*इचारतंय सारा गाव गो.*

गावच्या बायका एकमेकींकडे बघेनात. सगळ्यांना आठवलं होतं, आणि आठवलंय हे कुणाला दाखवायचं नव्हतं. पुतळानं तीच हाक पुन्हा दिली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. तिला आतून इतका आनंद होत होता की आवाज थरथरू नये म्हणून तिनं पाटाची कड धरली.

"मिथुन कोन?" यशोदाबाईनं विचारलं.

"कोन नाय, कोन नाय," हौसेराव हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "वयनी, फुडं बोला."

"ओ आल्याबिगर फुडं कशी बोलू, भाऊ? रीत हाय."

तिसऱ्यांदा हाक गेली. हौसेरावच्या कपाळावर घाम आला. व्याही बघत होते, आमदाराची माणसं बघत होती, सगळे मोबाईल त्याच्याकडे वळले होते. आणि त्या गडबडीत, त्या घामात, त्याला सुटकेची एकच वाट दिसली. तो वाकला आणि त्यानं ताटलीतले चार तांदूळ उचलले.

म्हणजे मिथुन मेला.

पुतळाला वाटलं होतं तो चिडेल, शिव्या देईल, उठून जाईल. हे मात्र तिच्याही मनात आलं नव्हतं. हौसेरावचा हात परातीवर गेला आणि तिथेच अडकला. संध्यानं त्याचं मनगट धरलं होतं. एवढ्या वर्षांत नवऱ्यापुढे जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती संध्या. तिच्या बांगड्या हळदीत पिचल्या.

"आला," ती म्हणाली. मग ओरडलीच, "माजा मिथुन जित्ता हाय! आला तो, आला!"

तांदूळ भुईवर सांडले. संध्या खाली बसून रडायला लागली आणि रडता रडता सगळं सांगत सुटली. झोपाळा, शनिवार, स्कार्फ, 'बाप नाही'. हौसेराव तिला गप्प करायला धावला, तसा धनेश चौरंगावरून उठून मध्ये आला. त्याला भाऊ आजोळीच मेल्याचं सांगितलं होतं.

यशोदाबाई काठी टेकत उठली. आता लग्न मोडतंय, असंच सगळ्यांना वाटलं. "माज्या नातीला दीर हाय आन मना म्हाईत नाय?" ती म्हणाली. "गाडी धाडा. पोर येईस्तोवर हलद थांबंल. आमी बसलोय."

धनेश स्वतः गाडी घेऊन गेला. दिवे लागले तसा मिथुन आला, भावाच्या दंडाला घट्ट धरून. गर्दी बघून तो फाटकाशीच बसकण मारून बसला. तिथे उभ्या गोटीरामनं जाईला विचारून तिचे हेडफोन काढले आणि त्याला घातले. जाईनं आपले दोन्ही कान तळव्यांनी झाकून घेतले. भावाला लावायला म्हणून संध्यानं मिथुनच्या दोन्ही तळहातांना हळद लावली. ती ओलसर, गार हळद त्याला मुळीच आवडली नाही. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि समोर उभ्या असलेल्या बापाच्या पांढऱ्या झब्ब्याला दोन्ही हात पुसले. हौसेरावला हलता येईना. पुतळानं धवला पुरा केला, एक ओळ न गाळता.

धवला संपला तशी संध्या तिच्याजवळ आली. डोळे सुजलेले. "यो तू माज्या पोरासाठी नाय केलास, पुतलाबाय."

"नाय," पुतळा म्हणाली. खोटं बोलायची तिला गरज वाटली नाही. "माज्या पोरीसाठी केला."

"मना म्हाईत हाय." संध्यानं नाक पुसलं. "पन तो आता परत जानार नाय."

हळद झाली. पैठणीचं ताट आलं, वर खण, नारळ. पुतळानं ते हातानं बाजूला सारलं.

"मान मी मागनार होतू," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सोमवारपासून माजी जाई तिच्या बाकावं बसंल, खिडकीशी. आन त्याच दिवशी हौसेराव भाऊ त्या सामानाच्या खोलीत बसतील, जिथं जाईला कोंडली होती. शाला भरल्यापासून सुटंपर्यंत. दार बंद. चावी माज्याकडं."

"वेडी झालीस काय गो?" हौसेराव ओरडला. झब्ब्यावरचे पिवळे पंजे त्याला अजून दिसले नव्हते.

"धवलारनीचा मान मोडला तं माजी नात त्या घरात येनार नाय," यशोदाबाई म्हणाली. तिला आता कुठे सगळं उमगलं होतं, आणि ती गालातल्या गालात हसत होती.

हौसेरावनं आजूबाजूला बघितलं. धनेश मिथुनला घेऊन बसला होता, त्यानं वर पाहिलं नाही. गावातल्या एकाही माणसानं मध्ये पडायचं मनावर घेतलं नाही. गाव करी ते राव न करी. हौसेरावनं मान डोलावली.

सोमवारी जाई दप्तर लावून निघाली आणि या वेळी फाटक उघडं होतं. ती धावत जाऊन तिच्या बाकावर बसली आणि दोन्ही हात झटकून हसली. बाईंनी तिचं नाव हजेरीत घेतलं. पुतळानं दारातून ते बघितलं, डोळे पुसले आणि मागच्या बाजूला आली. हौसेराव खोलीपाशी उभा होता. तिनं त्याचा फोन मागून घेतला. "जाईकडं फोन नव्हता," ती म्हणाली. पाण्याची बाटलीही घेतली. तो आत गेला, तिनं कडी घातली, कुलूप लावलं आणि शिपायाचं स्टूल ओढून दारासमोर बसली.

पहिला तास त्यानं खोकण्यात घालवला. मग तो बोलायला लागला, लग्नाचं, गावाचं, तिच्या सासूच्या चांगुलपणाचं. मधली सुट्टी झाली. पोरं हसत, खिदळत तिच्यापुढून पळाली. आत गाद्यांचा कुबट वास आणि उकाडा वाढत असणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं तो वास जाईच्या झग्यातून तीनदा धुऊन काढला होता.

दुपारी आतून दारावर थाप पडली. मग दुसरी. मग धप धप, अगदी तोच आवाज.

"वयनी, दार खोला. माफी मागतो ना मी. हात जोडतो. जीव घुसमटतोय, वयनी, दार खोला!"

पुतळानं चावी कमरेला खोचली.

"दार वाऱ्यानं लागलंय, भाऊ," ती म्हणाली. "मी काय करू?"